मुदतीआधी

लॅबमधले सगळे तिला कवळीताई म्हणत. दातांच्या टोप्या करणारे तिथे चौघे होते, तारा वळणारा एक होता, पण पूर्ण कवळी करायची ती हिनेच. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे. त्यावरून ही प्लॅस्टरचा साचा ओतायची, मेणावर एकेक दात बसवायची, मग मेणाच्या जागी गुलाबी अॅक्रिलिक भरून शिजवायची, घासायची, चकाकी आणायची. पेशंट तिला कधी दिसत नसे. पण साचा हातात आला की म्हणायची, "हे गृहस्थ आयुष्यभर उजवीकडूनच चावत आलेत," किंवा "या बाईंनी दात असताना फार दात खाल्लेत कुणावर तरी." लॅबचे मालक सत्तरी गाठलेले. ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "ताई, तू ज्योतिषी व्हायला हवी होतीस. इथे नुसती धूळ खातेस."

धूळ ती खरोखरच खायची. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल गुलाबी.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, उभं राहण्यापुरती बाल्कनी, लिफ्ट नाही. वीस वर्षांच्या कर्जावर घेतलेलं. लहानपणी तिने भाड्याची अकरा घरं पाहिली होती. एकदा दुपारी शाळेतून आली तर गाद्या, भांडी, बापाची सायकल, सगळं जिन्यात काढून ठेवलेलं, आणि आई खालच्या पायरीवर बसून धाकट्या बहिणीची वेणी घालत होती, जणू काही झालंच नाही. ती वेणी कवळीताईच्या मनातून कधी गेली नाही. घर आपलं म्हणजे आपलंच हवं, कुणाचा कागद त्यावर नको, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं.

बँकेने कर्ज देताना पुढच्या वीस वर्षांचा तक्ता दिला होता. असले तक्ते कोणी वाचत नाही. हिने वाचला. पहिली कित्येक वर्षं हप्त्यातला मोठा घास व्याजच खाणार होतं, आणि शेवटचा हप्ता पडेल तेव्हा ती छप्पन्न वर्षांची असणार होती. धाकटा जन्मला त्या वर्षी तिने तो कागद नवऱ्यापुढे ठेवला.

"सात वर्षांत संपवायचं."

नवरा शाळेची बस चालवायचा. पहाटे उठणारा माणूस; जेवतानाच त्याचे डोळे मिटत होते. "सात? आणि खायचं काय मग, तुझ्या लॅबमधलं प्लॅस्टर?"

"मी जादा काम घेते. तुम्ही संध्याकाळी पार्सल पोचवायचं बघा. वर्षाकाठी साठेल ते सगळं बँकेत भरायचं. मुद्दल कमी झालं की व्याज आपोआप उतरतं."

सासूबाई कोपऱ्यात बाळाचे कपडे घडी करत बसल्या होत्या. बाळासाठीच त्या राहायला आल्या होत्या. कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काजं करायच्या मशीनवर बसलेली बाई; बोलायला तिखट आणि हाताला सरळ. त्या म्हणाल्या, "संपवून टाका बाबांनो. पोरांचं मी बघते, पाळणाघराचा खर्च नको. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शर्टांना भोकं पाडली, आता तुमच्या खिशाचं भोक शिवते."

तिथून सुरुवात झाली.

सात वर्षं हा आकडा बोलायला सोपा. जगायचा झाला तर त्यात रोजची सकाळ असते. चार डबे, थोरलीचा हरवलेला एक मोजा, धाकट्याचा ताप, वरच्या मजल्यावरून ठिबकणारं पाणी. कवळीताई आठला निघायची ती जादा दोन तास करून अंधार पडताना परतायची. त्याच वेळी नवरा पार्सलची पिशवी पाठीला लावून खाली उतरत असायचा. आठवड्यातून चार दिवस त्यांची भेट जिन्यातच व्हायची.

"गॅस संपत आलाय."

"धाकट्याला खोकलाय, औषध दिलंय."

"बरं."

"बरं."

झाला संसार. सुट्टीच्या दिवशी ती बाल्कनीत छोटी मोटर लावून मोडक्या कवळ्या दुरुस्त करायची. मोटरचा आवाज दातांच्या दवाखान्यातल्यासारखाच. थोरली कानांवर उशी दाबून अभ्यास करायची. सहलीला जायचं, पंखा बदलायचा, थोरलीला चित्रकलेचा क्लास लावायचा, नणंदेकडे चार दिवस राहून यायचं, या सगळ्याला घरात एकच उत्तर होतं: नंतर. पुढे पुढे मुलं ते मोठ्यांच्या आधीच म्हणू लागली. दुकानापाशी धाकटा एखाद्या वस्तूकडे बोट दाखवायचा आणि स्वतःच म्हणायचा, "नंतर."

नवरा मात्र विनोदी होता. पहिली मोठी रक्कम भरून आला तेव्हा दारातूनच ओरडला, "आज मोरी सुटली! आजपासून मोरी आपली, बाकीचं घर बँकेचं." मग ती रीतच पडली. पुढच्या वर्षी बाल्कनी सुटली, त्याच्या पुढच्या वर्षी स्वयंपाकघर. सासूबाई बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायच्या. त्या म्हणायच्या, "माझा दिवाण कधी सोडवताय रे? बँकेच्या फरशीवर झोप लागत नाही मला."

सासू-सुनेचं आधी फारसं जमायचं नाही. जमलं ते दातांवरून. तिसऱ्या वर्षी सासूबाईंचे उरलेसुरले दात पडले आणि कवळीताई म्हणाली, "आई, तुमची कवळी मी करणार." एका डॉक्टरांना विनंती करून तिने त्यांच्या दवाखान्यात स्वतःच माप घेतलं. सासूबाईंना उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग दोघी हसत सुटल्या. दातांचा रंग निवडताना वाद झाला. सासूबाईंना सगळ्यात पांढरे हवे होते.

"आई, या वयाला इतके पांढरे शोभत नाहीत."

"मग कुठल्या वयाला शोभायचे? स्वतःचे होते तेव्हा कुठे शोभले?"

पांढरेच बसवले. सासूबाई महिनाभर आरशात बघून उगाच हसायच्या. जिन्यात शेजारीण भेटली की, "सुनेने केलेत," असं न विचारता सांगायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडचे दात करणाऱ्या कारागिरांत, आपलं काम रोज ताटापुढे बसून जेवताना बघायला मिळणारी कवळीताई एकटीच असेल.

पाचवं वर्ष संपता संपता सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे दात हलायला लागलेत."

तसं होतं. हिरड्या झिजतात, कवळी सैल होते. तिने ती लॅबमध्ये नेऊन आतून अॅक्रिलिकचं नवं अस्तर दिलं. घट्ट बसली. आठ महिन्यांनी पुन्हा सैल. पुन्हा अस्तर. सातवं वर्ष लागलं, संपायला चार महिने उरले, तेव्हा तिसऱ्यांदा. या वेळी तिने नवा साचा ओतला होता. मालकांनी तो सहज उचलला, जुन्या साच्याशेजारी धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"कोणाचं हे?"

"सासूबाईंचं."

"दीड वर्षात तिसऱ्यांदा? ताई, नुसत्या हिरड्या नाहीत या. माणूस आतून आटत चाललं की तोंडातलं मांसही आटतं. डॉक्टरांना दाखवलंस का?"

"वय आहे त्यांचं," ती म्हणाली.

मालकांनी साचा जपून खाली ठेवला.

घरी येऊन तिने विचारलं. विचारलं हे खरं. "आई, बरं वाटतंय ना तुम्हाला? बारीक झाल्यात."

"मला काय धाड भरलीये! तीन जिने चढून चार वेळा खालीवर करते, बारीक नाही होणार तर काय? तू तुझं बघ. डोळे बघ कसे खोल गेलेत."

कवळीताई पुढचे कित्येक महिने या चार वाक्यांपाशी पुन्हा पुन्हा येत राहिली. उत्तर खोटं आहे हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. हाताला कळलं होतं. अस्तर किती जाड द्यावं लागलं ते बोटांना ठाऊक होतं. पण खरं उत्तर आलं असतं तर तपासण्या आल्या असत्या, रजा आली असती, मुलांना कोण बघणार हा प्रश्न आला असता. चार महिने उरले होते. तिने उत्तर घेतलं आणि वळून कणीक मळायला लागली.

महिन्याभराने शेजारणीचा लॅबमध्ये फोन आला. सासूबाई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसल्या होत्या आणि त्यांना उठता येत नव्हतं. कवळीताई रिक्षाने धावत आली. सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या, चेहरा साच्यासारखा पांढरा. धाकटा दप्तर पाठीवरच ठेवून शेजारी.

"केव्हापासून बसलायत इथे?"

उत्तर धाकट्याने दिलं. "आजी रोजच बसते. प्रत्येक वळणावर. आम्ही शंभरपर्यंत मोजतो आणि मग उठतो. आज तीनशे झाले तरी आजी उठलीच नाही."

"तू सांगितलं का नाहीस मला?"

"आजी म्हणाली, नंतर सांगू."

मोठ्या हॉस्पिटलात दोन दिवस तपासण्या झाल्या. तरुण डॉक्टरीण होती. कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावत होती. गाठ मोठी होती, आणि ती तिथेच थांबली नव्हती, यकृतापर्यंत गेली होती. "रक्त जात असणार बरेच महिने. त्यांनी कधी काही सांगितलं नाही?" तिने आणि नवऱ्याने नाही अशा माना हलवल्या. डॉक्टरीण म्हणाली, "वर्षभर आधी आला असतात तर आपण ऑपरेशनचं बोलत असतो." तिने ते दोष द्यायला म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

सासूबाईंचे कपडे आणायला नवरा घरी गेला. दिवाणाखाली त्यांचा बटणांचा डबा होता. त्यात बटणांखाली एक चिठ्ठी मिळाली, मोफत दवाखान्याची. सासूबाई एकट्याच जाऊन आल्या होत्या. दुर्बिणीची तपासणी करून घ्या, असं त्यावर लिहिलं होतं. तारीख सोळा महिन्यांपूर्वीची.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्याने ती चिठ्ठी बायकोच्या हातात दिली.

"तुला दिसलं नाही?" तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला नाही तर तुला दिसायला हवं होतं. तिच्या तोंडात हात घालणारी तू. तीनदा."

"आणि तुम्ही? आई कोणाची?"

"मी घरी असतो कधी? कोणाच्या हट्टापायी नसतो?"

आजूबाजूची माणसं बघू लागली तसे दोघं आत आईकडे गेले. त्या दिवसापासून ते कामापुरतं बोलायला लागले. फरक फारसा कुणाला कळला नाही, कारण आधीही ते कामापुरतंच बोलत होते.

शेवटच्या भरण्यासाठी साठवलेली रक्कम खात्यात होती. डॉक्टरीण म्हणाली, औषधं देऊन बघू, बरं करणार नाहीत, थोडे महिने मिळतील. सासूबाईंनी ऐकलं आणि सरळ सांगितलं, "ते पैसे बँकेत भरा. माझ्यावर घालवू नका."

"आई, आता तरी गप्प बसा," कवळीताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्यावर ओरडली होती. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला लपवायला? आम्ही मागितलं होतं का असं?"

"मागायला कशाला हवं? दिसत होतं की. तू रात्री झोपेत आकडे बडबडायचीस." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला वाटलं, काढेन तेवढे दिवस. एकतीस वर्षं मशीनवर काढली, पाठ धरली तरी काढली. तसंच वाटलं."

औषधं दिली. पैसे संपले. सासूबाई अकरा आठवडे राहिल्या. शेवटी शेवटी कवळी तोंडात ठरेना. कवळीताईने पुन्हा अस्तर द्यायची गोष्ट काढली तर त्या हाताने नको म्हणाल्या. थोरली त्या दिवसांत शाळेतून आली की आजीजवळ बसून मऊ भात भरवायची. तेरा वर्षांची मुलगी, पण बेडपॅन कसं सरकवायचं ते आईआधी शिकली. एका दुपारी, थोरली गोष्ट वाचून दाखवत असताना, सासूबाई गेल्या. थोरलीने पान पूर्ण केलं आणि मग आईला हाक मारली.

महिन्याभराने पोस्टातून एक कागद आला. सासूबाईंनी निवृत्तीच्या पैशातली काही रक्कम पोस्टात ठेवली होती, कुणाला न सांगता. वारस म्हणून नाव होतं सुनेचं. मुलाचं नाही, मुलीचं नाही. नात्याच्या रकान्यात कोणीतरी कारकुनाने गोल अक्षरात लिहिलं होतं: सून. त्या रकमेतून दुर्बिणीची तपासणी दहा वेळा झाली असती.

ती रक्कम आणि दोन महिन्यांची बचत मिळून कर्ज फिटलं. ठरवल्यापेक्षा तीन महिने उशिरा, मुदतीपेक्षा बारा वर्षं आधी. बँकेतली मुलगी हसून म्हणाली, "अभिनंदन! एवढ्या लवकर क्वचितच कोणी फेडतं. काय युक्ती केलीत?" कवळीताईने घराची मूळ कागदपत्रं एकेक पान मोजून घेतली, पोच दिली आणि फाइल पिशवीत घालून अर्ध्या दिवसाच्या कामावर गेली. मालकांनी विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "झालं," आणि मेण गरम करायला ठेवलं.

आता हातात पैसे उरू लागले होते. नवऱ्याने पार्सलचं काम सोडलं. संध्याकाळी घरी बसायची सवय मोडलेला माणूस. या खोलीतून त्या खोलीत फिरायचा, नळ घट्ट करायचा, पुन्हा सैल करायचा. धाकट्याला शाळेनंतर पाळणाघरात ठेवावं लागलं. तिथे त्याला आवडायचं नाही. थोरलीला चित्रकलेच्या क्लासचं विचारलं तर ती म्हणाली, "आता नको. आवड नाही राहिली." रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती साधीच म्हणाली.

कवळीताईने मग एकच हट्ट धरला, दोघांची पूर्ण तपासणी. नवरा टाळत होता, कधी बसचं कारण, कधी कशाचं. तिने त्याच्या बसच्या मालकाला परस्पर फोन करून त्याची रजा मागून घेतली. उपाशीपोटी दोघं रक्ततपासणीच्या लॅबोरेटरीत बाकावर बसले. समोर भिंतीवर नंबर बदलत होते. गेल्या सात महिन्यांत ते इतके जवळ बसले नव्हते.

"एक सांगायचंय," तो नंबरांकडे बघत म्हणाला.

"काय?"

"आईने मला सांगितलं होतं. रक्ताचं. मी डबा विसरलो होतो, तो द्यायला ती बसच्या तळावर आली होती, तेव्हा."

"कधी?"

"ती चिठ्ठी आहे ना, तिच्या आधी. आठवडाभर."

कवळीताईने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही काय म्हणालात?"

"मूळव्याध असेल म्हटलं. तिखट कमी खा म्हटलं." त्याने हाताच्या घड्या घातल्या, सोडल्या. "पोरं बसमध्ये चढत होती. घाई होती. संध्याकाळी विचारू म्हटलं. मग राहून गेलं."

तुला दिसायला हवं होतं, हे व्हरांड्यातलं त्याचं वाक्य तिला शब्दन्‌शब्द आठवलं. सात महिने ती ते वाक्य पाठीवर घेऊन फिरत होती. जिन्यात, लॅबमध्ये, सासूबाईंना पुसून काढताना. आणि ते म्हणताना त्याला ठाऊक होतं. ती भिंतीवरच्या नंबरांकडे बघू लागली. 

"काहीतरी बोल," तो म्हणाला.

भिंतीवर त्याचा नंबर आला. "उठा," ती म्हणाली. "आधी रक्त देऊन या."

घरी गेल्यावर ती बोलली. मुलं यायला दोन तास होते. सात महिन्यांचं सगळं तिने त्याच्या पुढ्यात ओतलं, आणि तो खाली मान घालून ऐकत राहिला. एकदाही म्हणाला नाही की हट्ट तुझा होता. मग तिनेच ते म्हटलं. मग दोघंही रडले, पण एकमेकांना धरून नाही, टेबलाच्या दोन बाजूंना बसून. माफ केलं का, असं तिला कुणी विचारलं नाही, आणि तिलाही ते नक्की सांगता आलं नसतं.

त्याची साखर बरीच वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं, गोळीवर भागेल. तो कंटाळा करतो, विसरलो म्हणतो. म्हणून रोज सकाळी, डबे भरायच्या आधी, ती त्याच्या तळहातावर गोळी ठेवते आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहते.